मंगळवारचं अंडं

याव ओटेंगला खुळं लागायची ती एकामागून एक लागायची. एक सुटल्याशिवाय दुसरं लागत नसे, एवढीच काय ती त्याच्या बायकोची सोय. लाकडाच्या वखारीत तीस वर्षं ओंडके मोजून तो घरी बसला आणि पहिल्यांदा त्याने गोगलगायी पाळल्या. एका सकाळी त्या खोक्यातून निसटून थेट चुलीपाशी पोचल्या. अफुआने त्यांचं झणझणीत कालवण करून त्यालाच वाढलं, आणि ते खूळ तिथेच संपलं. मग आली भिंतीवरची जुनी घड्याळं. घरात पाच घड्याळं झाली, पाचही चालू, पण टोले द्यायची प्रत्येकाची वेळ निराळी.

"सेरवाचे बाबा," अफुआ म्हणायची, "अख्ख्या ओडुमक्रोममध्ये बारा एकदा वाजतात. आपल्याकडे बारा वाजायला अर्धा तास लागतो."

यंदा लेकीने, सेरवाने, टेमा शहरातून मोठा फोन पाठवला आणि घड्याळं मागे पडली. फोनमध्ये कॅलेंडर होतं आणि ते बोटाने मागे सरकवलं की मागेच जात राहायचं. दोन हजार साल, एकोणीसशे ऐंशी, साठ, पन्नास. कुठे संपतं ते बघू म्हणून यावने एक दुपार घालवली. ते काही संपलं नाही, बोट मात्र दुखलं.

आता हे कॅलेंडर आमच्या लोकांच्या हातात पडल्यावर काय होणार ते सांगायलाच नको. आमच्यात पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचंच नाव त्याला आधी मिळतं. बाकीची नावं मागाहून. शुक्रवारची ती अफुआ, बुधवारचा तो क्वाकू, गुरुवारचा याव, मंगळवारचा क्वाबेना. यावने बायकोची जन्मतारीख काढली. शुक्रवार! लेकीची काढली, जुळली. मग फोन घेऊन तो तडक क्वाकू न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसला, आणि येईल त्याची तारीख विचारून वार सांगायला लागला. लोक केस कापायचे सोडून त्याच्याभोवती गोळा व्हायचे.

"माझा बुधवार बरोबर आला रे!" क्वाकू म्हणाला. "याला कुणी सांगितलं?"

"याला सगळं ठाऊक असतं," याव म्हणाला, जणू फोन त्यानेच जन्माला घातला होता.

पण निम्म्या लोकांचं जुळेना. वार एक, नाव भलतंच. त्यावर यावकडे उत्तर तयार होतं. "तुमच्या तारखा शाळामास्तरांनी अंदाजाने टाकलेल्या. कागद आहे का? नाही ना? मग गप्प बसा." कागद हा यावचा जिव्हाळ्याचा विषय. वखारीतसुद्धा त्याचा खाक्या तोच होता, कागद दाखव, मग बोल. त्याच्या पिढीत जन्माचा कागद कुणाकडे? त्याच्याकडे होता. सुईणीने स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, पत्र्याच्या डब्यात जपलेली: मुलगा, चौदा ऑगस्ट एकोणीसशे बासष्ट. ही चिठ्ठी त्याने आयुष्यात इतक्या लोकांना दाखवली होती की घड्यांवर ती फाटायला आली होती.

"मग तुझी काढ की," क्वाकू म्हणाला.

शनिवारची दुपार, दुकानात सात-आठ माणसं. यावने ऐटीत बोट फिरवलं आणि थांबला. चष्मा पुसला. परत बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही. अडकलाय."

क्वाकूने मान पुढे काढून बघितलं आणि हातातली कात्री तशीच ठेवून खदाखदा हसायला लागला. "मंगळवार! अरे, हा तर क्वाबेना निघाला! या बसा, क्वाबेनाराव!"

सगळं दुकान हसलं. यावही हसला, पण त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

घरी जाऊन त्याने अफुआच्या साध्या फोनवर बघितलं. मंगळवार. शेजाऱ्याच्या फोनवर बघितलं. मंगळवार. मग सेरवाने फोनमध्ये जो बोलका मदतनीस घालून दिला होता, विचारलं की उत्तर देणारा, त्याला विचारलं. मंगळवार, तो म्हणाला. "चूक आहे," याव म्हणाला, "मी गुरुवारचा आहे." त्यावर त्या शहाण्याने लगेच माफी मागितली. तुमचं अगदी बरोबर आहे, म्हणाला, तो गुरुवारच होता. याव क्षणभर सुखावला. खात्री करावी म्हणून त्याने पुन्हा विचारलं, तर पुन्हा मंगळवार! आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? जो आपलं ऐकतोही आणि बदलतही नाही?

"अहो, एवढं काय त्यात?" अफुआ म्हणाली. "तुमचा कागद चुकला असेल."

"कागद चुकत नाही."

"मग नाव चुकलं असेल."

"नाव चुकतं का कधी? डोकं आहे का तुला?"

"मला आहे. म्हणून मी फोनशी भांडत नाही," ती म्हणाली आणि केळी सोलायला निघून गेली.

रविवार गेला, सोमवार गेला, आणि यावच्या डोक्याचा पार भुगा झाला. वाचणाऱ्याला वाटेल, वाराचं काय एवढं! पण त्रेसष्ट वर्षं हा माणूस गुरुवारचा म्हणून जगला होता. आमच्याकडे धरणीमाताही गुरुवारची. त्या दिवशी शेतात कुणी कुदळ मारत नाही. लहानपणापासून त्याला वाटायचं, गाव आपल्या वारी सुट्टी घेतंय. तो हट्टी होता, का तर गुरुवारचा. तो कुणाला घाबरत नसे, का तर गुरुवारचा. लग्नात, भांडणात, चर्चमध्ये दान टाकायला गुरुवारवाल्यांच्या रांगेत नाचत जाताना, सगळीकडे तो याव होता. तो जर क्वाबेना असेल, तर मग इतकी वर्षं हट्टीपणा कुणी केला?

आणि सोमवारी संध्याकाळी त्याच्या मनात दुसरंच काहीतरी शिरलं. नाव खरं, कागदही खरा, तर मग कागद दुसऱ्या कुणाचा असणार. किंवा नाव दुसऱ्या कुणाचं. सुईणीच्या घरी त्या आठवड्यात दोन पोरं जन्मली असतील, एक मंगळवारी, एक गुरुवारी. अदलाबदल झाली असेल. भावंडं सगळी उंच आणि सावकाश बोलणारी. हा एकटाच बुटका आणि बडबड्या. अकोसुआ, धाकटी बहीण, लहानपणी चिडली की म्हणायची, तू आमचा नाहीसच. तेव्हा तो तिला चापट मारायचा. आता तेच त्याला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. म्हातारी आपली आई नसेल तर? जेवण गेलं नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी तो आईकडे गेला. मुद्दाम गेला असं नाही. मंगळवारी तो आईकडे जायचाच. एनो, म्हणजे त्याची आई, सत्त्याऐंशी वर्षांची, अकोसुआच्या घरी राहायची. पूर्वी ती बाजारात अंडी विकायची. मंगळवारी बाजारातून आली की टोपलीत नेमकं एक अंडं उरलेलं असायचं, आणि ते अंडं यावचं. चार भावंडं टकमक बघत बसायची. पुढे म्हातारीचा बाजार सुटला, यावचे केस पिकले, पण मंगळवारचं अंडं काही सुटलं नाही. तो आला नाही तर ती निरोपावर निरोप धाडायची.

"आले लाडोबा," दारातच अकोसुआ म्हणाली. "तुझं अंडं उकडतंय. आम्ही काय बाबा, आम्ही कवचं मोजतो."

याव नेहमीसारखा उलटून बोलला नाही. तो आत गेला. एनो अंगणाच्या सावलीत लाकडी बैठकीवर बसून लाल पामतेलात कोनफळ कुस्करत होती. त्याने तिच्यासमोर चिठ्ठी धरली, दुसऱ्या हातात फोन.

"एनो, एक विचारू? खरं सांगशील?"

"मी कधी खोटं बोलते?"

"मी तुझाच ना?"

म्हातारीचा हात थांबला. "तुला काय झालंय? ताप आहे का?"

"या चिठ्ठीवर चौदा तारीख आहे. फोन म्हणतो चौदा तारखेला मंगळवार होता. मी गुरुवारचा. मग ही चिठ्ठी कुणाची? मी कुणाचा?"

एनोने एकदम पुढे होऊन पामतेलाने माखलेला हात त्याच्या तोंडावर दाबला. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईत एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक.

"हळू बोल!" ती म्हणाली. आणि दाराकडे बघून, "अकोसुआ! जा, शेजारून मीठ आण."

"घरात भांडंभर मीठ आहे."

"जा म्हटलं ना!"

अकोसुआ पाय आपटत गेली. म्हातारीने फोनकडे बघितलं, जसं कुणी घरात शिरलेल्या विंचवाकडे बघावं तसं.

"तारखेतून वार निघतो?" तिने विचारलं.

"निघतो."

"एवढ्या वर्षांनी?"

"शंभर वर्षांनीसुद्धा निघतो."

"मला कुठं ठाऊक," ती पुटपुटली. "मला वाटलं, तारीख म्हणजे नुसता आकडा. मला वाचता येत नाही. ती सुईण म्हणाली, कागदावर मी खोटं लिहिणार नाही, पण तोंड बंद ठेवीन. मी म्हटलं, लिही बाई, आकडा वाचून कुणाला काय कळणार आहे!"

मग तिने सांगितलं. यावच्या आधी तिचे दोन गेले, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पण पुढचं कुणाला माहीत नव्हतं. दोघेही मंगळवारचे. पहिला क्वाबेना महिनाभर जगला. दुसरा क्वाबेना चालायला लागला होता. तिसऱ्याही वेळी कळा मंगळवारीच सुरू झाल्या, तेव्हा ती पाय आवळून पडून राहिली, बुधवार उजाडेपर्यंत थांब म्हणाली पोटाला. पोट कुठलं ऐकतंय! लोक सांगायचे, पोर जगवायचं तर त्याच्या गालावर डाग दे, त्याला कचऱ्याचं नाव ठेव, म्हणजे मरणाला ते नकोसं वाटेल. तिच्याने डाग देववेना. नवरा कोकोच्या मळ्यावर होता, गुरुवारी यायचा होता. तिने दोन दिवस दार लावून घेतलं. पोर रडलं की त्याला छातीशी दाबून धरलं. गुरुवारी सकाळी दार उघडून ती ओरडली, झालं, मुलगा झाला!

"क्वाबेनाला शोधत आलं असतं ते," एनो म्हणाली. "दोनदा आलं होतं, घर पाठ झालं होतं त्याला. आलं, तर इथे सगळा यावच याव. कुणाला नेणार?"

यावला हसावं की रडावं कळेना. हा माणूस कागदाशिवाय पावसावरसुद्धा विश्वास न ठेवणारा. मरणाला वार कळतात, नाव विचारत दारोदार फिरतं, असं दुसरं कुणी बोललं असतं तर त्याने त्याची साल काढली असती. पण समोर बसलेल्या बाईने दोन दिवस दाराला पाठ लावून काढले होते, आणि त्यानंतर त्रेसष्ट वर्षं.

"आणि अंडं?" त्याने विचारलं.

"आपल्या जन्मवारी जिवाला अंडं द्यायचं असतं ना?" ती म्हणाली. "नाव चोरलं तुझं. वारही चोरला. म्हटलं, अंडं तरी द्यावं. उरलंय म्हणून द्यायची, म्हणजे कुणाला संशय नको."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडे तो बघत राहिला.

"कुणाला सांगितलंस हे?" तिने अचानक विचारलं.

"क्वाकूला. म्हणजे, तो फोन बघूनच..."

"अजून?"

"दुकानात होते तेवढे. सात-आठ जण."

म्हातारीचा चेहरा पडला. ती काही ओरडली नाही, तेच वाईट. नुसती मांडीवरचा पदर हाताने सरळ करत राहिली.

"एनो, मी म्हातारा झालो. आता कोण येणार आहे मला शोधत?"

"मी आहे ना अजून," ती म्हणाली. "मला आणखी एक क्वाबेना पुरायचा नाही."

"बरं. पण एकदा तरी त्या नावाने हाक मार. इथे कोणी नाही. हळूच."

एनोने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ठाम. "मी गेल्यावर काय लावायचं ते नाव लावून घे. तोवर तू गुरुवारचा."

अकोसुआ मिठाची पुडी आपटत परत आली. याव गुपचूप कोनफळ जेवला. अंडं मात्र त्याच्याने गिळवेना, म्हणून त्याने ते रुमालात गुंडाळून खिशात घातलं.

तिथून तो सरळ क्वाकूच्या दुकानात गेला. गर्दी होतीच.

"या क्वाबेनाराव!" कोणीतरी ओरडलं.

"याव म्हणायचं," याव म्हणाला. "आईला विचारून आलो. गुरुवारच. कागद चुकीचा आहे."

याव ओटेंगच्या तोंडून कागद चुकीचा आहे, हे ओडुमक्रोममध्ये कुणी ऐकलं नव्हतं. त्यालाही ते बोलताना दात उपटल्यासारखं झालं.

"पण फोनही मंगळवारच म्हणत होता की," क्वाकू म्हणाला.

"फोनही बिघडलाय. भलतेच वार दाखवतो."

"म्हणजे माझा बुधवारही खोटा?"

"तुझा चुकून बरोबर आला."

"असं कसं? बघू, आज कोणता वार दाखवतोय तो?"

यावने फोन काढला. पडद्यावर ठळक अक्षरांत मंगळवार होता. त्याने फोन छातीजवळ धरला.

"गुरुवार," तो म्हणाला.

सगळे पोट धरधरून हसले. "अरे वेड्या, आज मंगळवार!" क्वाकू म्हणाला. "टाकून दे तो डबा, आणि आपली घड्याळं बघ."

"तेच करतो," याव म्हणाला. फोन त्याने खिशात टाकला, दुसऱ्या खिशावर हात धरून अंडं फुटणार नाही असा बेताने खुर्चीत बसला, आणि क्वाकूला म्हणाला, केस बारीक काप.