पान सात, मिसेस डनबार

माझं नाव आमच्या गावाच्या इतिहासात कुठेही नव्हतं, आणि तो इतिहास वीस वर्षं मीच लिहीत होते. विलोबी महिला मंडळाचं ते जाडजूड पुस्तक माझ्या शिवणाच्या टेबलावर असतं. कोण कधी गाडा घेऊन आलं, पहिली विहीर कुणी खणली, शाळा कधी जळाली, सगळं त्यात आहे. बायकाही होत्या, पण मिसेस वॉल्टर टॉलिव्हर, मिसेस ओले हौगेन अशा. मी मिसेस रसेल पिम. आमच्यात तसंच लिहायचे. मनात वाईट काही नव्हतं, तेच सभ्य वाटायचं.

हा सभ्यपणा १९६७ साली अंगाशी आला. देशाला शंभर वर्षं झाली म्हणून सरपंच हॅरोल्ड स्टोबोने गावच्या हॉलसमोर दगड उभा केला आणि प्रांताच्या राजधानीहून, रेजायनाहून, पितळी पाटी करून आणली: 'अँगस डनबार, विलोबीचा पहिला रहिवासी, १८८२'. पहिला म्हणजे आम्हा गोऱ्यांतला; इथले मूळचे क्री लोक वाचून हसले असतील. त्याच आठवड्यात, पेपरातली बातमी वाचून, मला मॅनिटोबाहून एका बाईचं पत्र आलं. तिच्या आजोबांचा भाऊ अँगस १८८२च्या एप्रिलात वाटेत विनिपेगलाच विषमज्वराने गेला होता. सोबत कबरीचा फोटो. त्याची बायको मात्र तीन पोरं आणि बैलजोडी घेऊन पुढे निघून गेली. तिचं नाव त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी पान सात उघडलं. माझ्याच वळणदार अक्षरात: 'मिसेस अँगस डनबार. पहिलं घर. गावची सुईण.' अँगसने इथे पाऊलही ठेवलं नव्हतं. त्याला इथे आणून बसवलं होतं ते मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच उठून हॅरोल्डकडे गेले.

"हॅरोल्ड, हा माणूस इथे कधी आलाच नाही."

"मिसेस पिम, तुमच्याच पुस्तकातून घेतलंय. पान सात."

"पुस्तक चुकलंय. मी चुकले."

"बरं. मग त्या बाईचं नाव काय?"

मी मॅनिटोबाचं पत्र पुढे केलं. त्यातही नाव नव्हतं.

"बघा! बिननावाच्या बाईची पाटी कशी करायची? पितळ ओतून झालंय. राहू द्या ना बिचाऱ्या अँगसला."

जमीन कचेरीने कळवलं, तिचं नाव असलेले जुने कागद शोधायला तीन महिने लागतील. पाटीच्या अनावरणाचा समारंभ तीन आठवड्यांवर. डनबारबाईंच्या कबरीवरचा लाकडी क्रॉस वणव्यात कधीच जळून गेला होता, आणि पोरं गाव सोडून गेली ती गेलीच.

आमच्या मंडळात नुसतं 'हजर' म्हणून भागत नाही. दर सभेला एक विषय ठरतो आणि हजेरीला प्रत्येकीने त्यावर काहीतरी सांगायचं. मागच्या खेपेला होता 'शिळ्या पावाचं काय कराल'. जूनच्या सभेचा विषय मी ठरवला: तुमचं स्वतःचं नाव, आणि ते कुणावरून ठेवलं.

बायका आधी खिदळल्या. "अगं, माझं नाव मलाच आठवेना," एक म्हणाली. मग ब्याऐंशी वर्षांच्या टॉलिव्हर आजी काठी टेकत उठल्या.

"फ्लॉरेन्स केटूरा. आईचं बाळंतपण जिने केलं तिच्यावरून. बर्फात चार मैल चालत आली होती म्हणे."

मिसेस हौगेन खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अगं बाई! मी इंगा केटूरा. आई सांगायची, सुईणीचं नाव."

आणखी तिघी निघाल्या. पाच केटूरा, पन्नास वर्षं एकाच टेबलावर गोधड्या शिवतायत आणि एकीला दुसरीचं नाव माहीत नाही! मी तिथेच रडले. मग डोळे पुसून परत सरपंचाकडे गेले.

"केटूरा डनबार. पाच साक्षीदार आहेत, पाचही तिच्याच हातावर जन्मलेल्या."

"आता उशीर झाला हो. ते सोडा, जेवणाचं काय? अडीचशे माणसं, शिवाय रेजायनाचे मंत्रीसाहेब. हॅम सँडविच आणि गोडाला रूबार्ब पाय, नेहमीसारखं?"

"अँगसला सांग. गावात पहिला तो आला ना? मग पहिली पंगतही त्यालाच वाढू दे."

हॅरोल्ड हसला. बायका ऐन वेळी विरघळतात हे त्याला ठाऊक होतं. त्याची आईही आमच्याच मंडळातली होती.

एक जुलैला त्याने पाटीवर झाकलेला झेंडा ओढला, अँगस चमकला, टाळ्या झाल्या. लोक हॉलकडे वळले तर स्वयंपाकघराला कुलूप. आत साठ रूबार्ब पाय झाकून ठेवलेले, किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि आम्ही सव्वीस जणी ॲप्रन न बांधता पहिल्या रांगेत बसलेल्या. हॅरोल्डचा चेहरा पडला. टॉलिव्हर आजींनी त्याच्या हातातला माइक घेतला.

"मी फ्लॉरेन्स केटूरा. मला जगात आणलं ते केटूरा डनबारने. अँगस नावाचा कुणी तिथे नव्हता."

इंगा केटूरा उठल्या. मग बाकीच्या तिघी. मी म्हणाले, "ती पाटी उतरली की कुलूप उघडेल."

"मिसेस पिम, लोकांसमोर शोभतं का हे?" हॅरोल्ड दातओठ खात म्हणाला.

"थेडा," मी म्हणाले. "माझं नाव थेडा आहे. आणि शोभतं."

मग माझा नवरा रसेल उठला. एक्केचाळीस वर्षांत चारचौघांत तोंड न उघडलेला माणूस. तो ट्रककडे गेला, पाना घेऊन आला आणि हॅरोल्डकडे न बघता चारही बोल्ट काढले. पाटी गवतावर उलटी ठेवली. दगड कोरा झाला. मी कुलूप उघडलं.

रूबार्ब पायचा दुसरा तुकडा खाताना रसेलने हळूच विचारलं, "म्हणजे आता पुस्तकातून माझं नाव जाणार?"

"जाणार कशाला?" मी म्हणाले. "दुसऱ्या ओळीत येईल."