सावरीचा चेहरा

चाहते म्हणजे मोठी चिकट जमात. आईबापांनी सांगितलेलं एक काम यांच्या लक्षात राहायचं नाही, पण सावरीच्या कमरेचा विळा मागच्या पानावर डावीकडं होता तो आता उजवीकडं कसा गेला, हे मात्र विचारणार. आणि तेही रविवारी सकाळी, अंथरुणात लोळत, हातात मोबाइल धरून.

'धुक्याचा गड' ही दर रविवारी इंटरनेटवर दोन-दोन पानांनी येणारी चित्रकथा. एक गड, त्याच्याभोवती माणसांची नावं गिळणारं धुकं आणि दरवाजावर पहारा करणारी सावरी नावाची पोरगी. गोष्ट लिहायचा इंद्रजीत. तो हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत नोकरी करायचा आणि मीटिंग चालू असताना राक्षसांची नावं शोधायचा. चित्रं काढायची ऋतुजा, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बसून. पानं आली की वाचकांच्या ग्रुपवर सगळ्यांच्या गप्पा. वाचक विचारणार आणि हे दोघं उत्तर देणार, किंवा देणार नाहीत. पुण्याचे आहेत, तेवढा हक्क त्यांना आहे.

त्या रविवारी चैताली नावाच्या वाचक मुलीनं एक फोटो टाकला. गेल्या कित्येक पानांवरचे सावरीचे चेहरे कापून तिनं एका ओळीत लावले होते.

"ऋतुजाताई, राग मानू नका, पण हे सगळे सेम टू सेम आहेत. कपाळावरची बटसुद्धा. असं का?"

ऋतुजानं वाचलं. खरं तर पोटात गोळा यायला हवा होता. आला नाही. आपली चोरी पकडली गेली एवढं तिला कळलं, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झालेली कळते तसं.

कारण चोरीच होती ती. ऋतुजाची चेहरे काढायची एक रीत होती. टेबलावर छोटा आरसा ठेवायचा. सावरीला राग यायचा असेल तर आधी स्वतः रागवायचं, नाकपुड्या फुगवायच्या, कुठं काय ताणलं जातं ते बघायचं आणि मग काढायचं. आई दारातून बघायची आणि म्हणायची, "झाल्या का माकडचेष्टा सुरू!" पावसाळ्यात आई गेली. ताप काय आला, हॉस्पिटल काय झालं, आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. त्यानंतर ऋतुजा आरशासमोर बसली, तर चेहरा नुसता समोर. रागव म्हटलं तर रागवेना. हस म्हटलं तर ओठ तेवढे बाजूला सरकायचे. मग तिनं एका जुन्या पानावरचा सावरीचा चेहरा उचलला आणि नव्या पानावर चिकटवला. कॉम्प्युटरवर ते दोन बटणांचं काम. पुढच्या रविवारी पुन्हा तेच केलं, आणि त्याच्या पुढच्याही.

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून ती टाइप करायला लागली, पण ही पोरं थांबतात थोडीच! तेजस नावाच्या एका वाचकानं मध्येच बार उडवला.

"अरे थांबा थांबा!! तो चेहरा नाहीच! मुखवटा आहे! धुक्यानं सावरीचा चेहरा खाल्लाय!"

झालं. ग्रुपवर नुसता कल्ला. कुणी म्हणे, मला आधीच संशय आला होता. कुणी म्हणे, ऋतुजाताई जीनियस आहे. तेवढ्यात इंद्रजीतचा फोन.

"ऋतू, ही पोरं आपल्यापेक्षा हुशार आहेत यार! मला वाटत होतं तू कंटाळा करतेयस म्हणून कॉपी मारतेयस. मी बोलणारच होतो तुला. तू हे प्लॅन केलं होतंस?"

"नाही."

"नाही काय! कसली छुपी आहेस गं!"

आणि फोन ठेवून या बहाद्दरानं ग्रुपवर जाहीर करून टाकलं की पुढच्या रविवारी मुखवटा फुटणार, सावरी रडणार, पानभर एकच चेहरा, रुमाल घेऊन बसा. ऋतुजानं त्याखाली अंगठा टाकला. दुसरं काय टाकणार?

सोमवारी ती आरशासमोर बसली. मंगळवारीही बसली. भुवया वर केल्या, ओठ खाली ओढले, डोळे चोळून लाल केले. आरशात एक बाई नाटकाच्या तालमीला उशिरा आल्यासारखी दिसत होती. आईचा फोटो समोर ठेवून पाहिला. फोटोला नीट फ्रेम करायला हवी, एवढंच मनात आलं. तेराव्याला सगळे नातेवाईक म्हणाले होते, पोरगी खंबीर आहे हो. ती तेव्हा पंगतीत किती पानं मांडायची ते बघत होती. खंबीर कसली! आत काही हलतच नव्हतं, आणि आता हे असंच राहणार, या विचाराची तिला भीती वाटायला हवी होती. तीसुद्धा धड वाटत नव्हती. चित्रं काढणं तेवढं उरलं होतं. रविवारी सावरी रडली नाही, तर तेही गेलं असं समजायचं, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं.

गुरुवारी दुपारी तिचे वडील, दत्तोबा, मंडईतून आले. मूळचे कात्रजपलीकडच्या गावचे. गाव कधीच शहरात आलं, बोली मात्र तिथंच राहिली. बायको गेल्यापासून भाजी तेच आणायचे आणि चार-पाच जणांचं कुटुंब असल्यासारखी आणायचे. मेथीच्या जुड्या ओट्यावर ठेवून ते खुर्चीत टेकले.

"अप्पा, एक काम कराल? रडका चेहरा करून दाखवा."

"कुनी? म्या?"

"एकच मिनिट. चित्रासाठी हवाय."

दत्तोबांनी टोपी काढली, घसा खाकरला आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, हे दाढ दुखल्यासारखं दिसतंय."

"मग कसं करू? रडू म्हंजे काय नळ हाय व्हय, पिळला की यायला?"

ऋतुजाच्या हातात पेन होतं. समोर पांढरं पान उघडं होतं. आणि मॉडेलला सांगावं, मान जरा डावीकडं घ्या, तसं ती सहज बोलून गेली.

"डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले ना, की आई गेली, तेव्हा बाकड्यावर तुम्ही जसे बसला होतात, तसे बसा."

दत्तोबांनी तिच्याकडं पाहिलं. हात गुडघ्यांवर ठेवले. आधी हनुवटीला बारीक सुरकुत्या पडल्या. मग खालचा ओठ आत गेला, नाकाच्या बाजू थरथरल्या आणि मग ते आलंच. आवाज न करता, खांदे हलवत, टोपी मुठीत आवळून तो सहा फुटांचा माणूस रडायला लागला.

ऋतुजा काढत होती. हात असा सुटला होता, जसा गेल्या कित्येक महिन्यांत सुटला नव्हता. हनुवटी आली. ओठ आला. डोळ्याखालची ओली घडी आली.

"शालू गं," दत्तोबा आईचं नाव घेत म्हणाले आणि त्यांनी हात तोंडावर न्यायला उचलला.

"हलू नका, अप्पा."

त्यांनी हात खाली घेतला. ती काढत राहिली. ऊठ, जा त्यांच्याजवळ, पाणी तरी दे, असं डोक्यात कुणीतरी म्हणत होतं, ते तिला ऐकू येत होतं. पण डावा डोळा अजून राहिला होता. तो काढून झाल्यावर ती उठली आणि पाणी आणलं. तोवर दत्तोबांनी तोंड पुसून मेथी निवडायला घेतली होती.

रविवारी पान आलं आणि ग्रुप कोसळायचा बाकी राहिला. चैतालीनं लिहिलं, ती बसमध्ये आहे आणि लोक तिच्याकडं बघताहेत. तेजससारखा वात्रट पोरगा, त्यानं नुसतं 'आईला फोन केला' एवढंच टाकलं. इंद्रजीत म्हणाला, "ऋतू, मी हात टेकले. कुठून आणलंस हे?" तिनं लिहिलं, "रेफरन्स घेतला." मग मेसेज एकामागून एक वर सरकत राहिले आणि ती ते वाचत राहिली. छान झालं, हे तिला कळत होतं.

दत्तोबा मागं येऊन उभे राहिले. चष्मा लावून पडद्यावरच्या सावरीकडं बघत राहिले.

"हनुवटी माझीच हाय."

"हो."

"काय म्हंतात लोक?"

"रडले म्हणतात. सगळेच."

"आन् तू?"

ऋतुजानं मोबाइल पालथा ठेवला. काहीतरी थाप मारता आली असती. ती सुचेना.

"मला येत नाही, अप्पा. आई गेल्यापासून काहीच येत नाही. तुम्ही समोर रडत होतात, तरी आलं नाही. मी फक्त काढत होते."

दत्तोबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"मला वाटायचं, तुला तिचं कायच न्हाई," ते म्हणाले. "तेराव्यापास्नं राग धरून हाय मी तुझ्यावर. एका घरात ऱ्हातो, पर बोललो न्हाई."

"धरा ना. मलाही तसंच वाटतं. की मला तिचं काहीच नव्हतं."

"येडी हायस का?" दत्तोबा एकदम ओरडले. इतक्या मोठ्यानं, की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. मग त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली, तिच्या खुर्चीला लावली आणि खांद्याला खांदा लागेल इतके जवळ बसले. ऋतुजाला त्यांच्या खांद्याचं वजन जाणवलं. ती बाजूला सरकली नाही.