बिनखुणेचा अर्ज

तिकडून पुरुषाचा आवाज आला आणि महिला मदत कक्षात अर्ज लिहून घेणाऱ्या बाईंनी रिसीव्हर या कानावरून त्या कानाला नेला, जणू त्या कानात तरी बाईमाणूस बोलेल.

"कोण बोलतंय?"

"चष्म्याच्या दुकानातून. ताईंचा चष्मा तयार झालाय."

"तिला चष्मा नाही." जरा थांबून, "हा नंबर कुणी दिला तुम्हाला?"

"चुकून लागला वाटतं," म्हणत बाईंनी फोन ठेवला आणि जीभ चावली. कक्षात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातली भांडणं लिहून घेतली, पण स्वतःला एक धड खोटं बोलता येईना. तेवढ्यात फोन वाजू लागला. शिपाईमामांनी हात पुढे केला, तो त्यांनी वरच्या वर धरला. अकरा वेळा वाजून फोन गप्प झाला.

"आता कुणाचं देणं लागताय?" मामांनी विचारलं.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. समोर नव्या अर्जांचा गठ्ठा होता. जुना अर्ज दीड पानाचा, त्यावर माणसाचं चित्र, पुढून आणि मागून. जिथे मार लागला तिथे अर्जदार बाईने फुली मारायची. चित्र कोरं असेल तर अर्ज परत, ना नोंद ना शिक्का. पुढेपुढे बाई मजकूर वाचायच्या आधी थेट चित्रच बघू लागल्या होत्या, कामं पटापट उरकायची. नव्या कायद्याने या महिन्यापासून ते चित्रच काढून टाकलं. फोन हिसकावणं, येण्याजाण्यावर पहारा ठेवणं, माहेर तोडणं, हीसुद्धा आता हिंसा. वरातीमागून घोडं, असं मामा म्हणाले ते काही खोटं नव्हतं. नव्या अर्जात पहिलाच प्रश्न होता, 'या नंबरवर फोन कोण उचलतं?' तो वाचूनही बाईंनी एका जुन्या कागदावरचा नंबर फिरवला होता, त्या कागदावरच्या बाईला बोलवायची एवढी घाई झाली होती त्यांना.

तो कागद चार वर्षं त्यांच्या खणात होता. चित्र कोरं, पण समास बारीक अक्षरांनी भरलेला. 'गाडीचा किलोमीटरचा काटा सकाळ-संध्याकाळ वाचतात. न्हाणीघराची कडी काढून टाकली. बहिणीशी बोलायचं तर स्पीकरवर.' तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "मारलं कुठे?"

"मारत नाहीत."

"म्हणजे काही झालेलं नाही. मग मी लिहू काय? नवरा गाडीचा काटा बघतो? आमचे तर टायर फुटला तरी बघत नाहीत!"

ती बाई हसली होती. हसून, पदर सारखा करून, कागद तिथेच टाकून निघून गेली होती. नोंद नसलेले कागद महिन्याअखेर फाडायचे असा आदेश होता. पण त्या हसण्यामुळे तो कागद बाईंच्या हातून फाटेना.

पुढचे दोन दिवस बाईंचा जीव टांगणीला लागला. लिफ्टचं दार वाजलं की मान वर, चहा निवून जायचा. फोन आला की "चष्म्याचं दुकान" म्हणत त्या उचलायच्या. एकदा पलीकडे न्यायालयातले मोठे साहेब निघाले. त्यांनी दुकानाची वेळ विचारली आणि ठेवून दिला.

"पुन्हा फोन करू नका," कक्षातल्या वकील मॅडम म्हणाल्या. "तिच्याच जिवावर बेतेल. आणि तो कागद आजवर ठेवलात कशाला?"

तिसऱ्या दिवशी अकराला ती बाई स्वतः आली. बसायच्या आधी तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

"चष्म्याचा फोन तुमचाच ना?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"त्यांनी नंबर समोर धरला, म्हणाले हा कुणाचा. मला चार वर्षं पाठ आहे तो." ती बसली. "दोन दिवस घरी चौकशी चालली. कुठलं दुकान, कधी गेलीस, कुणाबरोबर. शेवटी म्हटलं, डोळे दुखतात, तुम्हाला न सांगता विचारून आले होते. आज तपासायला सोडलंय. दीड तास आहे. त्यातली पंधरा मिनिटं यायला गेली, पंधरा जायला लागतील."

बाईंना एकदम रडू आलं. ते त्यांनी पेन शोधण्यात घालवलं. मग सरासर लिहायला लागल्या. आता काटाही लिहिला, कडीही लिहिली. सातव्या पानावर पेन थांबलं. हा प्रकार सतत चालला आहे, हे दाखवायचं होतं.

"किती वर्षं?"

"सहा."

"काही पुरावा?"

"कसला? वही ठेवली तर तीही वाचतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, त्याचा पुरावा कुठून आणू?"

बाईंनी खण उघडला आणि कागद टेबलावर ठेवला. तिने आपलं अक्षर ओळखलं. तिचं बोट नुसतं ओळींवरून फिरत राहिलं.

"तुम्ही 'काही झालेलं नाही' म्हणालात," ती हळूच म्हणाली. "मीही स्वतःला तेच सांगत राहिले मग."

बाईंनी टाचण्यांची डबी पुढे ओढली.

दारात वकील मॅडम उभ्या होत्या. "त्यावर तारीख नाही, शिक्का नाही. कधीचा आहे ते कोण सांगणार? आणि जोडलात तर आधी तुम्हालाच विचारतील, आदेश असताना ठेवला का. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची."

"हो," बाई म्हणाल्या.

मॅडम आत गेल्या. तिला निघायला अजून सहा मिनिटं होती.

"साक्षीदाराचा रकाना कोरा सोडा," ती उठत म्हणाली. "मला कोणी नाही."

"बसा. सही राहिलीय."

बाईंनी कागदाला टाचणी लावून तो अर्जाला जोडला. साक्षीदाराच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, खाली हुद्दा. त्यापुढे 'अर्जदाराशी संबंध' असा रकाना होता. तिथे मात्र पेन अडलं. ती घड्याळाकडे बघत होती. बाईंनी तिच्यासारख्याच बारीक अक्षरात लिहिलं, 'चार वर्षांपूर्वी हिला मी परत पाठवलं.'