तीन हात रंग

भिवा तांडेलाने गाडी कुवारबावला मनिषाच्या गॅरेजसमोर उभी केली, तेव्हा चालकाशेजारची सीट डॅशबोर्डला टेकेल इतकी पुढे जाऊन अडकलेली होती. सीट मोटरवर चालणारी. बटण दाबलं की मागेपुढे, वरखाली व्हायची. त्याच्या मुलाने, ओमकारने, ही गाडी निवडली ती याच सीटसाठी. आईला चढउतार सोपी जाईल म्हणून. मग तो बोटीवरच्या नोकरीला निघून गेला.

आणि आता आईलाच त्या सीटवर बसता येत नव्हतं. हिराच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. अडचणीत बसायचं नाही, पाय पोटाशी दुमडायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद, आणि मागची सीट तर फारच खोल. उद्या सकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवर त्यांच्या होडीची हंगामातली पहिली मासळी उतरायची होती, आणि त्या होडीचा लिलाव आजवर हिरानेच पुकारला होता. "पहिल्या लिलावाला मी नाय, तर होडी कोणाची म्हणायची?" एवढंच बोलून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. एका मेकॅनिकने सीटला हात न लावताच मोटर जळली म्हणून सांगितलं होतं. नवी यायला महिना लागणार होता.

मनिषा होड्यांचे दिवेही बसवायची आणि गाड्यांचं वायरिंगही करायची. भिवाच्या होडीचं सगळं वायरिंग तिच्याच हातचं.

"कधीपासून अडकलीय, काका?"

"ता कसा सांगू? ही हॉस्पिटलात, मग त्या सीटवर बसणार कोण? घरी आणली ती ॲम्ब्युलन्समधून. परवा बघतो तर हलेच ना."

"मोटर जळली हे कोणी बघितलं?"

"बघितला कोणी नाय. सांगितला मात्र."

"मग मोटरलाच विचारू या."

फ्यूज शाबूत होता. मागच्या बाजूने वाकून, एअरबॅगच्या पिवळ्या वायरला धक्का न लावता, तिने सीटखालचा कनेक्टर सोडवला. टेस्ट लॅम्पचा चिमटा दाराच्या बिजागरीला लावला आणि टोक लाल तारेला टेकवलं. दिवा लख्ख पेटला.

"करंट येतोय की गो!"

"येतोय. आता परत जातोय का बघू."

चिमटा बिजागरीवरून काढून तिने सीटच्याच काळ्या तारेला लावला. टोक पुन्हा लाल तारेवर. दिवा पेटला नाही. मनिषाने कनेक्टर परत जोडला आणि एक जाड तार घेऊन काळ्या तारेपासून दाराच्या बोल्टपर्यंत आणली.

"दाबा बटण."

घुर्र करत सीट वीतभर मागे सरकली. भिवा एकदम ओरडला, "जिवंत हाय!"

"मोटर ठणठणीत आहे. करंटची परतीची वाट बंद झालीय." काळ्या तारेचा माग काढत तिने मागचं कार्पेट उचललं. खालचा पत्रा लालभडक चमकत होता. "हे काय? होडीचा रंग?"

भिवाची छाती फुगली. "मीच मारलाय. मासळीच्या टोपल्यांचा खारा पाणी गळून पत्रा गंजलेला. ही घरी यायच्या आधी गाडी चकाचक करायची म्हणून सीट पुढे घेतली, बोल्ट काढले, गंज खरवडला आणि तीन हात मारले. बोल्टाखालचीसुद्धा जागा सोडली नाय!"

मनिषाने ओठ दाबून हसू आवरलं. "काका, तुमच्या होडीत एका दिव्याला मी किती तारा ओढल्या?"

"दोन. एक न्यायला, एक आणायला."

"कारण होडी फायबरची. गाडीत आणायची तार कुठे आहे?"

भिवाने सीटखाली पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"हा पत्राच ती तार. काळी तार या बोल्टाने पत्र्याला लागते. मध्ये तुमचे तीन हात रंग. त्यातून करंट जाणार कसा?"

"म्हणजे हिराची सीट मीच अडकवली?"

"आणि इतकी पक्की, की दुसऱ्या कोणाला जमली नसती."

"तिला सांगू नको हा, बाय."

"पहिल्या मासळीतली सुरमई आली, तर नाही सांगत."

तिने बोल्ट काढला, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला आणि बोल्ट आवळला. मधली जाड तार काढून टाकली. सीट आता एका दमात मागे गेली, मग वर आली. "आता वरून रंग मारा हवा तेवढा," ती म्हणाली. भिवाने घरी जाऊन खरंच एक हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जेटीवर उभी राहिली. हिराने स्वतः बटण दाबून सीट वर घेतली. समोर वाकलेल्या लोकांच्या डोक्यांवरून तिला टोपल्या दिसू लागल्या. तिने काच खाली केली.

"अहो, सीटला झालेला काय?"

"परतीची वाट बंद झालेली."

हिराने त्याचा स्टिअरिंगवरचा हात उलटून पाहिला. "होडी तर कधीचीच पाण्यात. मग नखात लाल रंग कसला?"

पहिली टोपली तेवढ्यात गाडीशी येऊन पडली. भिवाने लगबगीने खाली उतरून त्यातली एक सुरमई बाजूला काढली.

"ती कोणाला?"

"मनिषाला."

"तोंड बंद ठेवायला ना?" हिरा खळखळून हसली, खिडकीतून कोपर बाहेर काढलं आणि जेटीच्या पार टोकापर्यंत जाईल असा आवाज लावून पहिला भाव पुकारला.