काही नाही हं

दुसरा कुत्रा दिसला की आमचा कुत्रा सगळी गल्ली डोक्यावर घेतो, म्हणून त्याचं नावच भोंगा पडलंय. शेवटी ट्रेनरबाईंना बोलावलं. त्या आपली म्हातारी कुत्री घेऊन मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या राहिल्या. मी सवयीप्रमाणे पट्टा मनगटाला गुंडाळला आणि म्हणाले, "काही नाही हं, काही नाही."

भोंगा उसळलाच.

"ताई, त्याने हिला अजून पाहिलंही नव्हतं!" बाई तिकडून ओरडल्या. "तुम्ही 'काही नाही' म्हणालात, म्हणून तो भुंकला. पट्टा सैल सोडा आणि गप्प चाला."

असा राग आला! दोन वर्षं याच्यापायी लोकांची बोलणी मी खायची, आणि दोषही माझाच? पण सोडला पट्टा सैल, मिटलं तोंड.

प्रत्येक फेरीला अंतर कमी करत आम्ही चालत राहिलो. चौथ्या फेरीत म्हातारी अगदी शेजारी आली. भोंग्याने तिला हुंगलं, एक शिंक दिली आणि गवतात नाक खुपसलं. माझा जीव भांड्यात पडला.

घरी नवरा दारातच उभा. "काय गं, परत भांडण?"

"छे, काही नाही," मी म्हणाले.

भोंग्याने घर डोक्यावर घेतलं, आणि मी पोट धरून हसत सुटले.