वळणावरची वाळू

वाळूत रोवलेली लाल फडक्याची खुंटी नवसाबाईनं उपटली आणि पदराखाली धरली.

"मावशी, ती खूण आहे," ललित म्हणाला. "तिथून वरच्या वळणापर्यंत खोदायचं."

"ठाव हाय. पण तिथून नाय."

ललित नाशिकहून आलेला सरकारी भूवैज्ञानिक. अंबडला कारखाने वाढले, शहरात इमारती उठल्या आणि दारणेची वाळू ट्रकांनी जाऊ लागली, तेव्हापासून काठाकाठानं तो हिंडत होता. या गावासाठी त्यानं एक रीत आखली होती. नदीचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा गावानंच खोदायचा, फावड्यानं, कमरेपेक्षा खोल नाही. दुसऱ्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात खोदलेला भाग पुन्हा भरला, तरच पुढचं बघायचं. गावानं दोन्ही तुकड्यांना नकार दिला तर लिलाव होणार होता, आणि लिलाव म्हणजे ठेकेदाराचं यंत्र. यंत्र आलं की तळाचा खडक दिसेपर्यंत थांबत नाही, हे शेजारच्या गावानं पाहिलं होतं.

खालचा तुकडा पिण्याच्या विहिरीला लागून होता. तिथल्या वाळूत ओल मुरते म्हणून विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहतं, हे त्यानं पंचायतीत समजावून सांगितलं होतं. वरच्या वळणावर वाळू चिक्कार होती आणि जवळपास ना विहीर, ना मळा. खोदायचं ते तिथंच, असं त्याचं साधं गणित होतं.

"कारण तरी सांगा," तो म्हणाला.

नवसाबाई पंचायतीची सदस्य होती. सभेत बोलायची तिला सवय झाली होती. पण आता मागं सरपंच उभा होता, ग्रामसेवक उभा होता.

"भवरा हाय तिथं," ती म्हणाली.

ललितनं कोरड्या पात्राकडं पाहिलं. पाण्याची एक बारीक धार सोडली तर नदीत काही नव्हतं.

तान्हं मूल गेलं की त्याला अग्नी देत नाहीत. या गावात ते वरच्या वळणावर, वाळूत ठेवत. घेऊन जायचे ते पुरुष. बाया उंबऱ्याच्या आत थांबायच्या. गेलेला माणूस परत यायचा, पाय धुऊन घरात शिरायचा, आणि कुठं, किती खोल, हे त्याला कुणी विचारायचं नाही. नवसाबाईचं लेकरू बारशाआधीच गेलं. त्या दिवशी नवरा परतला तेव्हा त्याच्या धोतराच्या काठाला वाळू चिकटलेली होती. तिनं ती झटकली नाही. पुढं नवराही गेला, आणि नेमकी जागा सांगणारं कुणी उरलं नाही. त्यामुळं अख्खं वळणच तिला ती जागा झालं होतं. नदीवर धुणं धुताना ती त्या दिशेला पाठ करून बसायची नाही.

हे सरकारी माणसाला कसं सांगणार? घरातही ते कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

"बरं," ललित म्हणाला. "पाणी बाया भरतात. बायांनाच विचारू."

महिलांची सभा शाळेच्या ओट्यावर भरली. पुरुषांना ललितनंच बाहेर बसायला सांगितलं. त्यानं फळ्यावर नदी काढली, विहीर काढली, आणि वळणावर खडूची फुली मारली. नवसाबाई भिंतीला टेकून बसली होती. आपलं कुणी ऐकणार नाही, असं ती धरूनच चालली होती. एवढ्या बायांनी तिच्या एकटीच्या दुःखापायी विहीर का पणाला लावावी?

पहिली चतुराबाई उठली.

"वरली वाळू मातकट हे साहेब. गिलावा टिकायचा नाय."

"मी तपासली आहे. उत्तम वाळू आहे."

"तपासली आसंल. टिकायची नाय."

बायडाबाईनं बसल्या जागेवरून हात वर केला. "आन् तिथं इंचू लय."

"तुझा नवरा तिथंच तर पत्ते कुटीत बसतो," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याला नाय चावला कधी?"

"त्याला चावून इंचू मरंल."

बाया हसल्या. हसू लवकर विझलं. मग एकीनं तिथं काटवण असल्याचं सांगितलं, दुसरीनं बैलगाडी रुतते म्हणून. ललित प्रत्येकीला उत्तर देत होता आणि कुणीही उत्तर ऐकत नव्हतं. सगळ्या त्या खडूच्या फुलीकडं पाहत होत्या, किंवा मुद्दाम पाहत नव्हत्या. नवसाबाई भिंतीपासून पुढं सरकली. चतुराबाईची पहिली मुलगी तिला आठवली. बायडाबाईचे जुळे आठवले. मग तिनं एकेका तोंडाकडं पाहिलं आणि नजर खाली घातली.

शेवटी हुस्नबानो उभी राहिली.

"साब, वळणावर मगर हे."

"दारणेत? इथं?"

"मी सोता बघितली. मोठी होती."

यावर कुणी हसलं नाही. हुस्नबानोचा मुलगा गावाच्या कब्रस्तानात होता. उशाशी दगड, दगडावर लिंबाची सावली. वळणावर तिचं कुणीच नव्हतं. ती खाली बसली, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि खालच्याच तुकड्यासाठी सर्वांच्या आधी हात वर करून मोकळी झाली.

"विहिरीचं पाणी खाली जाईल," ललित म्हणाला. "मी आत्ताच सांगून ठेवतो."

"जाऊ द्या," नवसाबाई म्हणाली. "दोर वाढवू."

ओट्यावरचा एकही हात खाली राहिला नाही.

होळीनंतर खालच्या तुकड्यात फावडी लागली. काम ललितनं आखल्याप्रमाणंच झालं. कमरेखाली कुणी खोदलं नाही. तरी अक्षय तृतीयेला विहिरीनं तळ दाखवला. दोराला दोर जोडले गेले. बाया आत उतरून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. पुरुष कुरकुरले, सरपंचानं दोनदा टँकर मागवला. विहिरीवर मात्र बायांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या वर्षी इगतपुरीकडं पाऊस कोसळला. धरणांतून पाणी सोडलं, आणि दारणा काठ सोडून शेतात शिरली.

दसऱ्यानंतर ललित आला तेव्हा खालचा तुकडा काठोकाठ भरलेला होता. पांढरी, स्वच्छ वाळू. विहिरीचं पाणीही चढलं होतं. सरपंचानं त्याला हार घालायची तयारी केली, चहा सांगितला. ललित चहा न घेताच लोखंडी सळई घेऊन वळणाकडं गेला. बऱ्याच वेळानं तो परतला. नवसाबाई आणि इतर बाया विहिरीवर घागरी भरत होत्या. तो तिथं येऊन उभा राहिला.

"मावशी, माझा अंदाज चुकला."

"भरलंय की."

"भरलंय, पण नवी वाळू नाही ही. नवी येते तिकडून वरून, आणि ती आता धरणातच अडते. आपण इथं खड्डा केला ना, तर पुराच्या पाण्यानं जवळची होती तीच ओढून यात घातली." त्यानं सळई वाळूत खुपसली. ती सहज आत गेली. "वळणावर आता काळा खडक उघडा पडलाय. तिथं काही राहिलं नाही."

"सगळी आली?"

"सगळी. जे काही होतं ते आता इथं आहे."

रहाटाचा आवाज थांबला. बायडाबाईच्या हातात दोर तसाच राहिला.

नवसाबाई रागावेल, विहिरीचं, उन्हाळ्याचं काढेल, असं ललितला वाटलं. तो उत्तर जुळवत होता. नवसाबाई वाळूकडं पाहत होती. मग तिनं घागर खाली ठेवली, पायातल्या चपला काढून काठावरच्या गवतात ठेवल्या आणि वाळूवर पाऊल टाकलं. तिच्यामागं चतुराबाई गेली. बायडाबाईनं दोर बांधून टाकला आणि तीही आली. हुस्नबानो जराशी थांबली, मग तिनंही चपला काढल्या. घरात तान्हं निजलं असावं तशा त्या पाय अलगद टाकत होत्या.

ललितनं गवतातल्या चपलांकडं पाहिलं, मग वर, उघड्या पडलेल्या वळणाकडं. वाळूत खुपसलेली सळई त्यानं हळूच वर काढली. तिचं भोक हातानं बुजवलं. मग तो काठावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.