सायकलच्या ट्यूबची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. बघून नाक मुरडू नका. माझं पातं झिजून निम्मं झालंय, मुठीभोवती सायकलची काळी ट्यूब गुंडाळलीय, त्यामुळे पाहणाऱ्याला मी भंगारात काढलेलीच वाटते. पण खरं सांगते, आज मला या ट्यूबचा जेवढा अभिमान आहे, तेवढा नवी कोरी असताना माझ्या पात्याचाही नव्हता.

एका लोहाराने मला घडवलं. तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि बोटभर जाडीची नाजूक लाकडी मूठ बसवली. "खुरपी कसली, दागिना वाटतोय," असं तो म्हणाला आणि मी जी चढून बसले, ती बरीच वर्षं उतरले नाही. बाजारातून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी उचललं. त्यांचे यजमान कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना काकू आणि काका म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणते.

घरामागे दोन खाटांएवढी मातीची जागा होती. दिवसभर मशीनवर वाकून मान भरून आली की काकू मला मागच्या दाराच्या खिळ्यावरून काढायच्या. टोमॅटो, पुदिना, दोन गुलाब आणि न बोलावता येणारं तण, एवढाच आमचा संसार. शेजारणी म्हणायच्या, "काकू, तुमच्या हाताला गुण आहे." कौतुक हाताचं, माती मात्र मी खायची! पण काम झालं की काकू मला धुऊन, पुसून, तेलाचं बोट लावून टांगायच्या, म्हणून मी कधी कुरकुर केली नाही.

मग काकूंच्या बोटांना संधिवात झाला. घरात सगळ्यांच्या आधी ते मला कळलं, कारण मला धरताना त्या श्वास रोखायला लागल्या. माझी बारीक मूठ धरायची तर बोटं पूर्ण मिटायला हवीत आणि नेमकी तीच मिटेनात. दोनदा मी त्यांच्या हातून निसटले. तिसऱ्यांदा त्यांच्या पायाजवळ पडले, तेव्हा त्यांनी मला खिळ्याला टांगलं ते टांगलंच. मी गंजले, तण माजलं. ज्या नाजूकपणाचा मी एवढा तोरा मिरवला, तोच काकूंना छळत होता. मला फार लाज वाटली.

काका जीव लावणारा माणूस, पण त्यांचे उपाय म्हणजे विचारू नका. काकूंना बरण्यांची झाकणं उघडत नाहीत हे पाहून त्यांनी गुपचूप घरातली सगळी झाकणं सैल करून ठेवायला सुरुवात केली. रोज सकाळी, दुकानात जाण्याआधी. आठव्या दिवशी काकूंनी साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण हातात राहिलं आणि बरणी फरशीवर फुटली.

"तुला त्रास नको म्हणून सैल केली होती गं," काका काचा वेचत म्हणाले.

"अहो, मला वाटलं माझी बोटं सुधारताहेत," काकू म्हणाल्या. "आठ दिवस किती खूश होते मी."

काकांनी उरलेल्या काचा सुपलीत भरल्या.

शनिवारी मुलगा आला. झाला प्रकार ऐकून म्हणाला, "आई, आता ती बागही बास. सोमवारी गवंडी येईल, मागे सगळीकडे विटांची फरशी घालून देईल. तुझ्या जिवाला आराम." पोराचं मन चांगलंच होतं. पण काकू मागच्या दाराशी आल्या, माझ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "एकेक करून सगळंच काढून घेताहेत." मी भंगारात गेले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण या बाईला मातीवाचून करमणार कसं?

ते बोलणं काकांच्या कानावर पडलं. ते तडक दवाखान्यात हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना भेटून आले. "काम बंद नका करू, मूठ जाड करा," बाईंनी सांगितलं होतं. "आणि दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही." काकांनी लगेच मला दुकानात नेऊन लोखंडी पाइपात ठोकून बसवलं. काकूंनी मला जेमतेम उचललं आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. "याने काय विहीर खणू?"

काका खाली बसले. "मग तूच सांग, कशी हवी."

"आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली. आज माझ्या मुठीचं माप तुम्ही घ्या."

काकांनी पाइप काढला आणि जुनी ट्यूब कापून माझ्याभोवती गुंडाळायला घेतली. एक वेढा दिला की काकू धरून बघायच्या. "अजून." पुन्हा वेढा. "अजून एक. हां, बास." बोटं अर्धीच मिटली होती आणि मी घट्ट बसले होते. माझं रूप गेलं खरं, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी गवंडी विटा घेऊन आला, तेव्हा काकू बागेत होत्या. वीतभर तण काढलं, स्टुलावर बसल्या, हात चोळले, पुन्हा वीतभर काढलं. मुलगा दारातून बराच वेळ बघत राहिला. मग गवंड्याला म्हणाला, "फरशी राहू द्या. याच विटांचा कमरेएवढा उंच वाफा बांधता येईल? आईला वाकायला नको."

"न यायला काय झालं? टेकायला कठडाही देतो," गवंडी म्हणाला.

त्याला आता खूप वर्षं झाली. उरलेल्या ट्यूबचा तुकडा स्वयंपाकघरात असतो. झाकणावर ठेवून फिरवला की झाकण सुटतं. परवा सकाळी काका एक बरणी घेऊन पाठमोरे उभे होते, उभेच होते. काकूंनी बरणी काढून घेतली नाही. तो तुकडा त्यांच्या हातात दिला. झाकण उघडल्यावर विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"झाले बरेच दिवस," काका म्हणाले.

संध्याकाळी काकू माप घ्यायची टेप आणि जाड कापड घेऊन बसल्या. "तुमचा पेचकस आणा इकडे. आणि हात पुढे करा."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे हात दुखत असतील, तर त्यांच्या हातातलं काम घाईने काढून घेऊ नका. आधी त्यांना विचारा, आणि मग माझ्यासारख्या एखादीची मूठ जाड करून द्या. आम्हाला रूप गेल्याचं वाईट वाटत नाही. आम्हाला फक्त त्यांच्या हातात राहायचं असतं.